नकाराचे पत्र

बास्केटबॉल सोडून मी चीवर धारण केले, ही हकीकत गेली तीसएक वर्षे मी गावोगावच्या विहारांत सांगत आलो आहे. हकीकत खरी आहे. फक्त तिच्यातले काही दिवस मी दर वेळी वगळतो, आणि ते वगळता यावेत म्हणूनच उरलेले इतके रंगवून सांगतो, हे मला फार पूर्वीपासून ठाऊक आहे. खेळाडूची नोकरी नाकारायची असे ठरवल्यावर नकाराचे पत्र मी त्याच संध्याकाळी लिहिले. ते टपालात टाकले पंचवीस दिवसांनी. मधल्या काळात ते घडी घालून एका वहीत जपून ठेवले होते. त्या पत्रावर एका माणसाचे पुढचे आयुष्य अवलंबून होते. तो माझा मित्र होता, आणि तो खोळंबून बसला आहे हे मला माहीत होते. हे मी कोणालाही सांगितले नव्हते.

आधी माझ्या खेळाविषयीचा गैरसमज दूर केला पाहिजे. साखऱ्याजवळच्या आमच्या लहानशा गावात सगळ्यांत उंच मी होतो. जयंतीच्या आदल्या दिवशी पताका बांधायच्या झाल्या की लोक शिडी शोधण्याऐवजी मला शोधत. हिंगोलीच्या कॉलेजात नाव घातले त्याच आठवड्यात क्रीडाशिक्षकांनी मला वर्गाच्या दारातून वाकून आत येताना पाहिले आणि नावसुद्धा न विचारता संघात घेतले. ज्वारीचे ताट उंच वाढले म्हणून कोणी त्याचा सत्कार करत नाही; माझे मात्र सत्कार झाले.

संघातला खरा खेळाडू दुसराच होता. जवळा बाजारच्या एका पिंजारी कुटुंबातला तो मुलगा माझ्यापेक्षा हातभर बुटका होता. वडील कापूस पिंजून गाद्या-रजया भरत. चेंडू कुठून येणार हे मला कधी कळत नसे. मी कुठे उभा असणार हे त्याला न बघता कळे. तीन-तीन जणांना चुकवून तो चेंडू माझ्या हातात आणून ठेवी, मी तो हात लांब करून रिंगात सोडी, आणि टाळ्या मला पडत. एकदा वर्तमानपत्रात माझे छायाचित्र छापून आले. त्याच्या कडेला त्याचे एक कोपर आले होते. त्याने ते कात्रण जपून ठेवले आणि हे कोपर माझे आहे, असे तो भेटेल त्याला अभिमानाने दाखवत असे. मला त्या वेळी त्यात विनोदापलीकडे काही दिसले नाही.

शेवटच्या वर्षी एका मोठ्या सरकारी खात्याने आपल्या संघासाठी निवड चाचणी घेतली. तिथली नोकरी म्हणजे खेळणेच होते: सकाळी सराव, दुपारी हजेरीपुरते कार्यालय, आणि वर्षभर देशभराचे सामने. कॉलेजच्या फलकावर यादी लागली. आमच्या कॉलेजातून निवड माझी झाली होती. प्रतीक्षायादीत पहिले नाव त्याचे होते. म्हणजे मी गेलो नाही तर तो जाणार, इतका तो सरळ हिशेब होता.

त्याच सुमारास मी गावच्या विहारात बसू लागलो होतो. निमित्त परीक्षेचे होते. घरी अभ्यासाला जागा नव्हती. विहारातले वृद्ध भन्ते एका कानाने ऐकत नसत आणि दुसऱ्या कानाने ऐकायचे की नाही ते समोरचा माणूस बघून ठरवत. त्यांनी मला कधी उपदेश केला नाही. मी वह्या घेऊन जाई आणि हळूहळू वह्या मिटून बसायला शिकलो. मैदानावर सगळे माझ्याकडे पाहत असत. तिथे कोणी पाहत नसे. ती शांतता मला मनापासून हवीशी वाटली. ती ओढ खोटी नव्हती, हे आजही मी निःशंकपणे सांगू शकतो. खोटे जे होते ते नंतर आले, आणि माझ्याच पायांनी आले.

नेमणुकीचे पत्र आले आणि दोन दिवसांत माझा निर्णय झाला. मायला सांगितले. थोरला भाऊ शिक्षक झालेला होता, त्यामुळे घर माझ्यावर विसंबून नव्हते. तरी ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी भाकरी थापता थापता, वर न बघता म्हणाली, “जा. पण तिथं तरी लोकाईच्या पुढं पुढं करू नको.”

माझ्या आयुष्यातली सर्वांत नेमकी धम्मदेसना तीच होती. मी ती ऐकली आणि विसरलो.

नेमणुकीच्या पत्रात शेवटी एक ओळ होती: येणार नसल्यास मुदतीच्या आत लेखी कळवावे, म्हणजे प्रतीक्षायादीतील उमेदवारास बोलावता येईल; मुदतीनंतर जागा भरली जाणार नाही. ही ओळ फक्त माझ्याच पत्रात होती, त्यामुळे ती माझ्याशिवाय कोणाला माहीत असण्याचे कारण नव्हते. मी नकार लिहिला, पाकिटावर पत्ता घातला, तिकीटही लावले. टपालपेटी विहाराच्या वाटेवरच होती. मात्र वैशाख पौर्णिमेला माझी श्रामणेर दीक्षा, म्हणजे भिक्खू होण्याची पहिली पायरी, ठरली होती. तालुक्यातून लोक येणार होते, मंडप घालणार होते. माझ्या मनात एक चित्र उभे राहिले: मंडपात सगळ्यांसमोर मी नेमणुकीचे पत्र एका हातात आणि नकाराचे दुसऱ्या हातात धरून उभा आहे. नकार आधीच टपालात गेला असता, तर त्या दिवशी हातात काय धरले असते? मुदत पौर्णिमेच्या आठ दिवस आधी संपत होती. मला नोकरी नको होती, हे खरे. नोकरी नाकारताना मात्र मला लोकांना दिसायचे होते.

मुदतीला दहा-बारा दिवस उरले असताना तो आमच्या गावी आला. जवळा बाजारहून गाड्या बदलत, शेवटचे अंतर पायी चालत, भर उन्हात. मी विहाराच्या ओट्यावर बसलो होतो. मी इथे का बसतो ते त्याला ठाऊक होते. तो पाणी प्यायला आणि त्याने सरळ विषयाला हात घातला.

“काय ठरवलं मग?”

“अजून काही नाही,” मी म्हणालो.

“ठरव ना यार. अब्बा पिंजायची मशीन घेऊन राह्यले. तू चाललास तर मी त्यांना सांगतो, घ्या, मी बसतो दुकानात. तू न्हाई चाललास तर सांगतो, नका घेऊ, मी चाललो. माझ्यापायी थांबून राह्यले ते.”

“बघू,” मी म्हणालो.

“बघ बाबा. तुझं बरंय, तू नुसता उभा राह्यलास तरी लोक टाळ्या वाजवतेत.”

तो हसला, मीही हसलो. पत्र असलेली वही त्या वेळी माझ्या मांडीवर होती, आणि तिच्यावर मी दोन्ही तळहात ठेवले होते. दहा-बारा दिवसांनी मुदत संपली. आणखी आठ दिवसांनी, ‘खोटे बोलण्यापासून अलिप्त राहीन’ हे शील मी लोकांसमोर मोठ्या आवाजात ग्रहण केले. माझा आवाज त्या दिवशी फार छान लागला होता, असे सगळे म्हणाले.

समारंभ मी योजला होता तसाच झाला. दोन्ही पत्रे उंच धरली. माझे हात उंच धरले म्हणजे ते मंडपाच्या शेवटच्या रांगेलाही दिसतात. बायकांनी डोळे पुसले. एक वृद्ध उपासक तर माझ्या पाया पडू लागले. आमच्या भन्त्यांनी टाळ्या वाजवल्या नाहीत. गर्दी ओसरल्यावर चांगल्या कानाकडची बाजू माझ्याकडे करून त्यांनी विचारले, “ते पत्र अजून तुमच्याच हातात कसे?” मी म्हणालो, उद्या टाकतो भन्ते. दुसऱ्या दिवशी मी ते पेटीत टाकले. जागा रिकामी राहिली आणि ती यादी तिथेच संपली.

महिन्याभराने तो पुन्हा आला. मला वाटले, जाब विचारायला आला. त्याच्या काखेत एक नवे, घट्ट भरलेले, दाभणाने चौफेर टाके घातलेले आसन होते. तुम्हा लोकांना तासन् तास बसावे लागते असे ऐकले, म्हणून भरून आणले, एवढेच तो म्हणाला. मशीन घेतली होती आणि तो दुकानात बसू लागला होता. मी ते आसन दोन्ही हातांनी घेतले. त्याच्यावर बसून मी आजवर दान, शील आणि विशेषतः सत्य या विषयांवर किती प्रवचने दिली ते मोजलेले नाही. चार-सहा वर्षांनी कापूस दबला की मी ते एखाद्या उपासकाबरोबर जवळा बाजारला पाठवत असे, आणि ते पुन्हा फुगून, नव्या टाक्यांनिशी परत येत असे. मी स्वतः मात्र कधी गेलो नाही. त्या रस्त्यावरच्या गावांचे निमंत्रण आले की मला नेमका ताप येई. ताप इतका आज्ञाधारक असू शकतो, हे कोण्या वैद्याला सांगून पटणार नाही.

दरम्यान माझी हकीकत माझ्यापेक्षा उंच होत गेली. आरंभी मी नोकरी नम्रपणे नाकारली असे सांगत असे. काही वर्षांनी त्या हकीकतीत मी नेमणुकीचे पत्र परत पाठवले. पुढे एका गावी बोलण्याच्या ओघात ते फाडले. एका वर्धापनदिनी सूत्रसंचालकाने ते अग्नीला अर्पण केले, आणि मी व्यासपीठावर बसून डोळे मिटून घेतले. श्रोत्यांना वाटले, भन्ते भावुक झाले.

हे असेच चालले असते. या वर्षीच्या वर्षावासाच्या शेवटी आम्ही चौघे भिक्खू पवारणेसाठी बसलो. पावसाळ्याचे तीन महिने एकत्र राहिल्यानंतर प्रत्येक भिक्खूने इतरांसमोर उकिडवे बसून, हात जोडून सांगायचे असते: माझ्याविषयी तुम्हाला काही दोष दिसला असेल, ऐकू आला असेल किंवा शंका आली असेल, तर कृपा करून सांगा, मी सुधारीन. ही अडीच हजार वर्षांची रीत. तिच्याइतकीच पक्की दुसरी एक रीत आम्हीच पाडून ठेवली आहे: विचारायचे, आणि समोरच्यांनी गप्प राहायचे. सर्वांत ज्येष्ठ म्हणून पहिला विचारणारा मी होतो. गुडघे दुखत होते, त्यामुळे वाक्य जरा घाईने उरकले आणि उठू लागलो.

“बसा भन्ते,” एक जण म्हणाला.

हा भिक्खू वयाने माझ्याहून मोठा, पण दीक्षेने सर्वांत कनिष्ठ. हयातभर एसटीत कंडक्टर होता. निवृत्त झाल्यावर, पत्नी वारल्यावर चीवर घेतले. ध्यानाला बसण्याआधीही तो विहारातली माणसे मोजून घेतो.

“मला एक शंका आहे,” तो शांतपणे म्हणाला. “आषाढात तुम्ही ते पत्र परत पाठवलं. श्रावणात फाडलं. भादव्यात एका गावात लोक जाळलं म्हणाले, तुम्ही न्हाई म्हणाले न्हाईत. एका प्रवासाला तीन तिकिटं कशी, भन्ते?”

बाकीचे दोघे जमिनीकडे पाहू लागले. त्याच्या बोलण्यात राग नव्हता, थट्टाही नव्हती. गाडीत शिरून तिकीट मागावे इतक्या सरळपणे त्याने खरे काय ते मागितले. मी उकिडवाच होतो. त्याच अवस्थेत, गुडघ्यांची पर्वा न करता, मी त्या पंचवीस दिवसांचे सगळे सांगितले.

सगळे ऐकल्यावर त्याने विचारले, “तो माणूस आहे का?”

“जवळा बाजारला. गादीघर आहे.”

“मग आपल्याला सांगून काय उपयोग?”

विनयात, म्हणजे भिक्खूंच्या नियमांत, अशा प्रसंगासाठी तरतूद आहे. ज्या भिक्खूने गृहस्थाचे नुकसान केले असेल त्याने त्या गृहस्थाकडे जाऊन क्षमा मागावी, आणि सोबत दुसरा भिक्खू न्यावा. आधी त्या सोबत्याने याच्या वतीने बोलावे. आम्ही चौघांनी ते सगळे अगदी विधिपूर्वक केले असे मी म्हणणार नाही. सोबत कोण येणार हे मात्र विचारावे लागले नाही. तो आधीच गाडीची वेळ सांगत होता.

बाजाराचा दिवस होता. गाडीत सोयाबीनची पोती, कोंबड्या आणि माणसे. मी मांडीवर ते आसन घेतले होते आणि मनात क्षमायाचनेची वाक्ये जुळवत होतो. वाक्ये चांगली होत होती. ‘प्रमाद’ हा शब्द दोनदा येत होता, म्हणून एकदा काढून ‘स्खलन’ घातला. आपण क्षमा मागायला चाललो आहोत की भाषण करायला, हे वाटेतले औंढा मागे पडेपर्यंत माझ्या ध्यानात आले नाही.

गादीघराचे दार माझ्या मापाचे नव्हते. मी वाकलो तरी कपाळ चौकटीला लागलेच.

“ये लंब्या,” आतून आवाज आला. “दार तेच आहे, तू वाढून राह्यलास का अजून?”

तो जमिनीवर अर्धवट भरलेल्या गादीवर बसून टाके घालत होता. दाढी पांढरी झाली होती, पोट सुटले होते. भुवयांवर आणि केसांवर कापसाचे तंतू होते. मनगट मात्र तेच. दाभण असे फिरत होते की समोरच्याला कळू नये कुठून निघेल. सोबतच्या भिक्खूला पाहून तो उठला, आम्हा दोघांसाठी खुर्च्या पुसल्या आणि मग जरा अवघडून म्हणाला, “आता भन्तेजी म्हणायला पायजे ना मला? आणा ते इकडं. भरायलाच आणलं ना? स्वतः कशाला तकलीफ घेतली, पाठवून द्यायचं.”

आसन त्याने हातात घेतले, दाबून पाहिले, आणि पहिले टाके आपणच घातले होते हे माझ्या सोबत्याला सांगू लागला. मग भिंतीकडे बोट केले. काचेखाली ते कात्रण होते, पिवळे पडलेले. मी त्यात हात वर करून उभा होतो.

“हे भन्ते,” तो म्हणाला. “आणि हे कोपर माझं.”

माझ्या सोबत्याने चष्मा लावून कोपर नीट पाहिले. नियमाप्रमाणे बोलायला सुरुवात करायची म्हणून त्याने घसा साफ केला आणि म्हणाला, “हे भिक्खू तुमच्याकडे एका कामासाठी आले आहेत.”

“तुमी कोण, ह्यांचे वकील?” तो हसला आणि पुन्हा गादीवर बसून टाके घालू लागला. “अवो, आमाला मधी माणूस लागत न्हाई. ह्याला न बघता बॉल दिलाय मी. सांगतो तुमाला, ह्याचा पहिला नंबर होता आणि माझा दुसरा. हा साधू झाला, बराबर केलं. मग मला बोलवायला पायजे का न्हाई? पेपरात वाचलं ह्यानं नोकरी सोडली म्हणून, अन् तवापासून रोज पोस्टात. पत्र आलंच न्हाई.”

“कुठं गेलं?” सोबत्याने विचारले, आणि माझ्याकडे पाहिले नाही.

“आमचा पोस्टमन. म्हातारा होता, विसराळू. त्यानंच कुठं तरी पाडलं. मी दोन साल त्याच्याशी बोललो न्हाई. तो म्हणायचा, बेटा, आलंच न्हाई तर देऊ कुठून? मी म्हणायचो, झूट. भर बाजारात म्हणलं एकदा.” दाभण थांबले. “मागच्या साली गेला बिचारा. मयतीला गेलो मी. पण ते झूट म्हणलेलं राह्यलं ना तसंच.”

मी वाक्ये जुळवून आणली होती. त्यांतले एकही आठवले नाही. खुर्चीवरून उठलो आणि त्याच्यासमोर, खाली, पिंजलेल्या कापसात बसलो. भिक्खूने गृहस्थापेक्षा खालच्या आसनावर बसू नये असा संकेत आहे. त्याने गडबडून माझा दंड धरला आणि उठा, उठा म्हणू लागला. मी उठलो नाही. तिथे बसल्यावर आमची डोकी पहिल्यांदाच एका उंचीवर आली. सोबत्याने दाराकडे तोंड फिरवले. मी गावाकडची भाषा बोलून बरीच वर्षे झाली होती. त्या वेळी दुसरी कोणती तोंडाशी आलीच नाही.

“पोस्टमननं न्हाई पाडलं,” मी म्हणालो. “तुझं पत्र निघालंच न्हाई. मी मुदतीच्या आत न्हाई म्हणून कळवलं असतं तरच ते निघणार होतं. तू विहारात आला होतास ना उन्हाचा, मला विचारायला? तवा माझं ठरलं होतं. नकार लिहून झाला होता, वहीत होता, वही मांडीवर होती. मी तुला म्हणलं, बघू. लोकांसमोर मंडपात दाखवायचा होता मला तो, म्हणून ठेवला. मुदत गेली, मग टाकला. तुझी नोकरी मी घालवली. त्या म्हाताऱ्याला तू झूट म्हणलास ते पण माझ्यामुळं. चुकलो मी. मला माफ कर.”